रोज जवळ बाळगायला छोटं पिस्तूल: कुठलं घ्यावं? (टेक्सास)

नीलांबरी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी.

डॅलसजवळ आमचं छोटं किराणा दुकान आहे. रात्री साडेनऊला शटर खाली येतं आणि आठवड्यातून दोनदा रोकड घेऊन बँकेच्या नाईट ड्रॉपला (रात्री रोकड टाकायच्या पेटीकडे) जावं लागतं. हे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं. गेल्या महिन्यात आमच्याच ओळीतल्या एका दुकानदाराला पार्किंगमध्ये गाठलं. त्याने पैसे मुकाट्याने दिले, तरीही त्याला मारलं. गुडघा फुटला आहे, अजून काठी घेऊन चालतो. त्या रात्रीपासून मी आणि नवरा यावर बोलत होतो आणि मी पिस्तूल बाळगायचं ठरवलं आहे. दोघंही नागरिक आहोत, दोन प्राथमिक वर्ग करून झालेत.

अडचण निवडीची आहे. माझा हात लहान आहे आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखतो. दुकानदाराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काऊंटरखालून सगळ्यात चिमुकलं .३८० (हा काडतुसाचा आकार) पिस्तूल काढून हातात दिलं, "बायका हेच घेतात" म्हणाला. तळहातावर मावेल एवढं. हलकं इतकं की खेळण्यातलं वाटावं. पण स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायला गेले तर दोनदा अर्ध्यावर सुटली, तिसऱ्यांदा कशीबशी आली. मग रेंजवर तेच भाड्याने घेतलं. सात यार्डांवर सहा गोळ्या झाडल्या, कागदाला दोन लागल्या. करंगळीला धरायला जागाच नव्हती, ती हवेत लोंबकळत होती, आणि प्रत्येक गोळीला पिस्तूल हातात फिरत होतं. सहाव्या गोळीनंतर अंगठा इतका ठणकला की सातवी झाडली नाही.

रोज कमरेला ठेवता येईल आणि माझ्या हाताला झेपेल असं काय घ्यावं?

आडवाटेचा_पथिक | मंगळवार, सकाळी ६:५५

नीलांबरीताई, तुमच्या हातात दोष नाही. पिस्तूल चुकीचं दिलं.

मी ह्यूस्टनला असतो. नऊ वर्षं रोज बाळगतो आणि रेंजवर नवख्यांना शिकवायला मदत करतो. नव्वद टक्के लोक याच चुकीच्या दाराने आत येतात: हात लहान, म्हणून पिस्तूल लहान. खरं गणित उलटं आहे. काडतूस तेच असेल तर धक्का झेलायला पिस्तुलाचं वजन लागतं. तीनशे ग्रॅमचं पिस्तूल सगळा धक्का तुमच्या अंगठ्यात उतरवतं, पाचशे ग्रॅमचं त्यातला बराच स्वतः पचवतं. स्लाईडचंही तसंच. स्लाईड आखूड आणि हलकी असली की तिला आवरायला आतली स्प्रिंग कडक लागते. म्हणून जे पिस्तूल दिसायला सगळ्यात गरीब, तेच ओढायला अनेकदा सगळ्यात हट्टी निघतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातूनच पर्याय कळतात. नव्वदच्या दशकात ग्लॉक २६ आलं. नळी साडेतीन इंचांच्या आतली, मॅगझीनमध्ये (मुठीतल्या काडतुसांच्या पेटीत) दहा गोळ्या. काडतुसं दोन रांगांत बसतात म्हणून मूठ जाड आणि आखूड. करंगळी खालीच राहते. आजही उत्तम पिस्तूल आहे आणि मोठ्या ग्लॉक १९ ची मॅगझीनंही त्यात चालतात. पण कमरेला जाडी जाणवते. मग लोकांना पातळ हवं झालं. २०१२ मध्ये स्मिथ अँड वेसनचं शील्ड आलं, २०१५ मध्ये ग्लॉक ४३. पातळ होती, पण गोळ्या सहा-सातवर आल्या. २०१८ मध्ये सिगने पी३६५ काढलं आणि सगळ्यांना पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसवलं: रुंदी एक इंचाच्या आसपास, वजन पाचशे ग्रॅम, तरी मॅगझीनमध्ये दहा. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं, ग्लॉकने ४३एक्स काढलं, २०२१ मध्ये शील्ड प्लस. आज तुम्ही ज्या काचेसमोर उभ्या राहता ती सगळी त्या एका वर्षाची पिलावळ आहे.

माझ्याकडे पी३६५ एक्सएल आहे. त्याची नळी ३.७ इंच, गोळ्या बारा, आणि मुख्य म्हणजे करंगळीला जागा. तुम्हाला हेच घ्या असं म्हणत नाही. मूठ धरल्यावर तिन्ही बोटं टेकली पाहिजेत, आणि चापावर तर्जनीचं पहिलं पेर मूठ न फिरवता पोचलं पाहिजे. हे दोन जमत नसेल तर ते पिस्तूल खाली ठेवा, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

कुंदकळी | मंगळवार, सकाळी ९:१०

मी न्यू जर्सीत राहते. कडू वाटेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. पैसे घेऊन जाण्याचं कामच बंद करता येणार नाही का? रोकड उचलणाऱ्या गाड्यांची सेवा असते. अंगावर पिस्तूल आलं की ते घरात येतं, मुलांच्या आसपास येतं. माझ्या माहितीतल्या एका घरात उशीखालच्या पिस्तुलाने पोराचा जीव गेला. मी त्या आईला आजही सांत्वनाचे शब्द देऊ शकलेले नाही.

नीलांबरी | मंगळवार, दुपारी १:२५

कुंदकळी, कडू अजिबात वाटलं नाही. गाडीची सेवा विचारली होती, आमच्या उलाढालीला परवडत नाही. आता रोकड एकदा दिवसाउजेडी नेतो आणि वेळ रोज बदलतो, एवढं सुरू केलं आहे. धाकटा अकरा वर्षांचा आहे. ते सतत डोक्यात असतंच.

पथिक, "गरीब दिसतं तेच हट्टी" हे अगदी तसंच झालं माझ्याबाबतीत.

वकिली_चष्मा | मंगळवार, सायंकाळी ७:३०

धागा आपल्या लोकांचा आहे म्हणून पिस्तुलाच्या आधीचं बोलतो. ताई नागरिक आहेत, त्यांचा प्रश्न नाही. वाचणाऱ्यांत एच-वन, एच-फोर, विद्यार्थी व्हिसावाले खूप असतील, त्यांच्यासाठी.

बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला न विचारता पाऊल टाकू नका. टेक्सासने काय मोकळीक दिली याने यात फरक पडत नाही. "मित्राबरोबर रेंजवर गेलो, चार गोळ्या झाडल्या" हेसुद्धा यात येतं. ग्रीन कार्डवाल्यांना विकत घेता येतं, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, हे लक्षात असू द्या.

नवरा-बायकोत एक नागरिक आणि दुसरा व्हिसावर असेल तर तिजोरीचा कोड दुसऱ्याकडे असता कामा नये. आणि दुकानात खरेदीचा संघीय फॉर्म ४४७३ भरताना "खरा खरेदीदार कोण" हा प्रश्न येतो. ज्याला कायद्याने मिळत नाही त्याच्यासाठी, किंवा दुसऱ्याच्या पैशांनी त्याच्या वतीने, आपल्या नावावर घेणं हा गंभीर गुन्हा आहे.

टेक्सासचं: १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येतं. तरीही ताई, एलटीसी (टेक्सासचा हँडगन बाळगायचा परवाना) काढाच. शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेण्यावर संघीय बंदी आहे आणि राज्याचा परवाना असणाऱ्याला त्यातून सूट आहे. उपनगरात हजार फूट म्हणजे किती, हे गाडी चालवताना मोजून बघा. शाळा टाळून बँकेपर्यंत पोचणं अवघड आहे. शिवाय परवाना दुसऱ्या अनेक राज्यांत चालतो. सगळीकडे नाही, कॅलिफोर्नियात तर नाहीच. २०२४ ला तिथल्या सॅन होजेच्या मराठी अधिवेशनाला इथून गाडीने जायचा बेत करणाऱ्या एकाला मी पिस्तूल घरी ठेवायला लावलं होतं.

बापू_सोलापूरकर | बुधवार, सकाळी ८:०५

पोलीस खात्यातून निवृत्त आहे, सोलापुरात असतो. नोकरीत वर्षानुवर्षं कमरेला .३८ चं रिव्हॉल्व्हर वागवलं. सौ. नीलांबरी यांनी रिव्हॉल्व्हरचा विचार केला आहे का? स्लाईड ओढायची भानगड नाही. आपल्याकडे २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून निर्भीक काढलं, तेही .३२ चं रिव्हॉल्व्हरच, पाचशे ग्रॅमचं. इकडे ९ मिमी सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही, तो प्रतिबंधित बोअर आहे. त्यामुळे तुमच्या या चर्चेतली निम्मी नावं मला नवीन आहेत, पण वाचायला आवडतंय.

एक मात्र कुठल्याही हत्याराला लागू. आमचे उस्ताद नव्या पोराच्या हातात रिकामं रिव्हॉल्व्हर द्यायचे, नळीवर एक नाणं ठेवायचे आणि चाप ओढायला सांगायचे. नाणं पडलं की पुन्हा. आठ-आठ दिवस नुसतं नाणं. गोळी नंतर.

आडवाटेचा_पथिक | बुधवार, दुपारी १२:४०

बापूकाका, नाण्याचा सराव आम्ही इथेही करून घेतो! रिकामं पिस्तूल, आणि काडतुसं त्या खोलीतच नाहीत.

रिव्हॉल्व्हर इथे बरेच लोक बाळगतात. स्मिथ अँड वेसनचं ६४२ म्हणजे पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशल, चारशे ग्रॅमच्या आसपास. घोडा (चाप नव्हे, मागचा हॅमर) आत झाकलेला, त्यामुळे कपड्यात अडकत नाही. पण दोन गोष्टी ताईंच्या विरोधात जातात. एक, चाप लांब आणि जड. दुसरं, ते हलकं आहे; .३८ चा धक्का अंगठ्याच्या त्याच सांध्यावर बसेल. जाड पोलादी रिव्हॉल्व्हर मऊ चालतं, पण मग ते रोज कोण वागवणार?

स्लाईडसाठी एक युक्ती, आजच करून बघा (रिकाम्या पिस्तुलावर, मॅगझीन काढून, चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतुसाची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासून). चिमटीत धरून मागे ओढू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर. डावा तळवा स्लाईडवरून घालून चारही बोटांनी घट्ट पकडा आणि तो हात जागच्या जागी ठेवा. उजव्या हाताने मूठ पुढे ढकला, दार लोटतो तशी. खांद्याचा जोर लागतो, अंगठ्याचा नाही. मागे गेली की एकदम सोडून द्यायची, हाताने पुढे आणायची नाही. या सगळ्यात नळी डावीकडे शेजाऱ्याकडे वळते, ती चूक सगळ्यांची होते. पाय वळवा, नळी नको.

सांजवेळ | बुधवार, रात्री १०:२०

अटलांटा. चार वर्षं बाळगतेय. पुरुष मंडळी पिस्तुलावर तासन्‌तास बोलतात आणि होल्स्टरवर, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानावर, दोन ओळी, म्हणून मी लिहिते.

नीलांबरी, पर्समध्ये ठेवू नकोस. आपल्या सगळ्यांना तेच पहिलं सुचतं. हिसकावणारा आधी पर्सच हिसकावतो, मग पिस्तूलही त्याचंच. शिवाय पर्स आपण कुठेही ठेवतो: मैत्रिणीच्या सोफ्यावर, सिनेमाच्या खुर्चीखाली, देवळातल्या चपलांच्या रॅकजवळ. अंगावर असलेलं पिस्तूल विसरता येत नाही.

कायडेक्स या कडक प्लास्टिकचं होल्स्टर घे, चाप पूर्ण झाकणारं, नेमकं त्या मॉडेलसाठी बनवलेलं. मऊ कापडी पिशवीसारखं होल्स्टर नको. चापावर बाहेरून दाब येऊ शकतो. माझी कंबर आणि नितंब यांचा उतार असा आहे की उजव्या कुशीवर मूठ बाहेर झुकते आणि कुर्त्यातून टोक उठून दिसतं. मी पुढे, बेंबीच्या किंचित उजवीकडे आणलं. होल्स्टरला एक छोटा पंजा असतो, तो पट्ट्याला टेकून मूठ पोटाकडे वळवतो. आणि खाली फोमची पाचर लावली की वरचं टोक आत दबतं. आणि चांगला कडक पट्टा. पट्टा ढिला असेल तर पाचशे ग्रॅम किलोभर वाटतात.

आणखी एक, कुणी सांगत नाही म्हणून: लांबी लपवणं सोपं असतं, मूठ लपवणं अवघड. नळी पायाकडे जाते, तिथे अर्धा इंच जास्त असला तरी कळत नाही. उलट पुढे ठेवताना थोडी लांब नळी स्थिर बसते. त्यामुळे आखूड नळीच्या मागे लागू नकोस.

कपडे: सलवारीच्या नाडीवर काहीही टिकत नाही. जीन्स आणि थोडा सैल कुर्ता, गडद रंग, नक्षीचं कापड. साडीला बेली बँड (पोटाभोवतीचा रुंद पट्टा) लोक वापरतात, मी साडी नेसते त्या दिवशी पिस्तूल तिजोरीतच ठेवते. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना घाई नको. कुर्ता वर धरायचा, मान खाली घालून बघायचं, मगच सावकाश आत. कुर्त्याचं टोक किंवा नाडी चापाच्या कड्यात जाऊन गोळी सुटल्याचे अपघात झालेले आहेत.

पाणकोंबडा | गुरुवार, सकाळी ७:१५

वाचनखूण साठवली. .३८० की ९ मिमी यावर कुणी लिहिलं नाही?

आडवाटेचा_पथिक | गुरुवार, सकाळी ८:००

दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच. ९ मिमीची केस १९ मिमी लांब, .३८० ची १७. त्या दोन मिलिमीटरमध्ये आणि दाबात फरक आहे. एफबीआयची प्रसिद्ध चाचणी गोळी जिलेटिनमध्ये बारा ते अठरा इंच जाते का ते बघते. ९ मिमीच्या चांगल्या होलो पॉइंट (टोकाला पोकळ, आत गेल्यावर उमलणाऱ्या) गोळ्या तिथे बसतात; .३८० च्या बाबतीत निवड जपून करावी लागते, काही उमलतात पण खोल जात नाहीत. म्हणून झेपत असेल तर ९. पण न लागलेल्या ९ पेक्षा लागलेलं .३८० केव्हाही बरं. ताईंच्या सहातल्या चार गोळ्या कागदाच्या मागे मातीत गेल्या. पार्किंगमध्ये मागे माती नसते, कुणाची तरी गाडी असते, गाडीत माणसं असतात.

ताई, .३८० म्हणजे चिमुकलंच असं नाही. स्मिथ अँड वेसनचं ३८० शील्ड ईझेड हातात घेऊन बघा. ते मुद्दाम दुबळ्या हातांसाठी २०१८ मध्ये काढलं. स्लाईड हलकी सरकते, मॅगझीन भरायला बाजूला खुंटी आहे, मुठीच्या मागे दाबली जाणारी सेफ्टी आहे. आठ गोळ्या, सव्वापाचशे ग्रॅम. म्हणजे पिस्तूल ९ मिमीच्या अंगाचं आणि काडतूस धाकट्याचं. पी३६५ एक्सएल आणि ग्लॉक ४३एक्सही त्याच दिवशी झाडा. एका दिवशी, एकामागून एक, तोच कागद.

कुंदकळी | गुरुवार, सकाळी ११:३०

पथिक, गाडीतल्या माणसांचा विचार कुणीतरी मांडला हे बरं केलंत. नीलांबरी, मुलाचं काय ठरवलंस?

वकिली_चष्मा | गुरुवार, दुपारी २:१०

त्यावर कायदाही आहे. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. आणि फक्त आपली मुलं नाहीत. गणपतीला घरी चाळीस माणसं येतात, त्यांची दहा पोरं झोपायच्या खोलीत लपाछपी खेळतात.

बापूसाहेब, तुम्ही कधी इकडे मुला-मुलीकडे आलात तर व्हिजिटर व्हिसावर पिस्तूल हातात घेऊ नका. तुमचा सगळा अनुभव असूनही.

बापू_सोलापूरकर | गुरुवार, सायंकाळी ६:४५

मागच्या वर्षी जावई रेंजवर नेणार होता, बरं झालं गेलो नाही. धन्यवाद.

नीलांबरी | रविवार, रात्री ९:५०

शनिवारी रेंजवर तीन तास होते. दुसऱ्या रेंजवर गेले, तिथल्या बाईंनी शांतपणे एकेक काढून दिलं.

आधी सगळ्यांवर दार लोटायची युक्ती केली. त्या दिवशी अर्ध्यावर सुटणारी स्लाईड आता सगळ्या पिस्तुलांवर मागे गेली! तिथेच डोळ्यांत पाणी आलं. ग्लॉक ४३एक्स हाताला फार छान बसलं, तिन्ही बोटं टेकली. पण तिसाव्या गोळीला अंगठा बोलायला लागला. पी३६५ एक्सएलचंही जवळपास तसंच, नेम मात्र त्यावर सगळ्यात चांगला. मग ईझेड. पन्नास गोळ्या झाडल्या आणि थांबल्यावर लक्षात आलं की अंगठ्याचा विचारच मनात आला नव्हता. सात यार्डांवर पन्नासातल्या सत्तेचाळीस ताटलीएवढ्या गोलात. तीन डावीकडे खाली, त्या चाप घाईने ओढल्यामुळे, हे मलाच कळलं.

मनातून एक्सएल हवं होतं, गोळ्या जास्त, ९ मिमी. बाईंनी एकच विचारलं, "महिन्यातून दोनदा यावर शंभर गोळ्या झाडाल?" या अंगठ्याने नाही झाडणार. ईझेड घेतलं. जाडी थोडी जास्त आहे आणि मूठ लपवायला सांजवेळने सांगितलेला पंजा लागणार. होल्स्टर मागवलं आहे. ते येईपर्यंत आणि ज्या गोळ्या बाळगणार त्यातल्या निदान पन्नास विनाअडथळा चालेपर्यंत पिस्तूल अंगावर घेणार नाही. एलटीसीचा वर्ग पुढच्या शनिवारी.

कुंदकळी, आल्या आल्या तिजोरी पलंगाच्या बाजूला भिंतीत बोल्ट मारून बसवली. बोटाच्या ठशाची नाही, बटणांची. कोड आम्हा दोघांनाच माहीत. धाकट्याला लपवून ठेवलं नाही. समोर बसवून रिकामं दाखवलं. कुठे दिसलं, आपल्या घरी किंवा मित्राच्या, तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं, हे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. त्याने विचारलं, "आई, कुणी पैसे मागितले तर तू त्याला मारणार?" मी म्हटलं, पैसे मागितले तर पैसे देणार. नवऱ्याशीही तेच ठरलं आहे. गल्ला वाचवायला ते बाहेर निघणार नाही.

सांजवेळ | रविवार, रात्री १०:३०

शाब्बास! होल्स्टर आलं की आधी रिकामं पिस्तूल घालून आठवडाभर घरात वावर. भांडी घास, गाडीत बस, वाकून तांदळाची गोणी उचल. दुकानात तुला दिवसभर वाकावंच लागतं. कुठे टोचतं, कुर्ता कुठे अडकतो, कुठल्या हालचालीला पाठीमागून दिसतं, सगळं घरातच कळेल. नवऱ्याला बघायला सांग.

आडवाटेचा_पथिक | सोमवार, सकाळी ६:४०

सत्तेचाळीस! खूप आनंद झाला. डावीकडे खाली जाणाऱ्या तीन गोळ्यांसाठी बापूकाकांचं नाणं. रोज रात्री दहा मिनिटं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, भिंतीमागे कोण झोपतं ते बघून दिशा ठरवा. ईझेडच्या मागच्या सेफ्टीवर तळव्याचा दाब पहिल्या पकडीतच पडला पाहिजे, तो सरावही त्यातच करा. अर्धवट पकड आली तर चाप ओढूनही गोळी सुटत नाही.

नीलांबरी | सोमवार, रात्री १०:१५

आज नाणं ठेवलं. क्वार्टर. वीस वेळा ओढलं, अकरा वेळा पडलं. उद्या परत.